हळदीखालचा रंग

रक्त कमी झालं की सगळ्यांत आधी पायऱ्या वाढतात. आमच्या सांगलीच्या घराला रस्त्यापासून चार पायऱ्या आहेत. त्या साली त्या चाळीस झाल्या होत्या. दुसऱ्या पायरीवर मी थांबायचो, आणि कुणी बघतंय असं वाटलं की तळपाय वर करून काटा मोडल्यासारखा न्याहाळत बसायचो. शेजारची म्हातारी म्हणायची, "अण्णाला लय काटं मोडत्यात बाई." असा नसलेला काटा मी वर्षभर काढला.

ज्यांच्या पायऱ्या अशा वाढल्या असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजार बरा होतो. मटणाचा रतीब लावता आला नाही तरी होतो. पण लिहिण्याला आणखी एक कारण आहे. या आजारात मी एकदा खोटं बोललो, चारच शब्द, आणि त्यापायी माझी बायको जाता जाता राहिली. सहा वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही. ते पुढं येईलच. तोवर हसून घ्यावं; मीही तोवर हसतच होतो.

पिवळा माणूस

मी हळदीच्या पेठेत पारखी आहे. कांडी मोडायची, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं. पेठेतला माणूस आंघोळ करूनही पिवळाच राहतो. नखं पिवळी, कॉलर पिवळी, कानामागं पिवळं. त्यामुळं माझ्या अंगातलं रक्त आटत चाललं आहे हे कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या गावात माणूस पांढरा पडला की लोक विचारतात. आमच्याकडं पांढऱ्यावर पिवळं बसतं आणि माणूस नेहमीसारखा दिसतो.

हळद साठवायला हरिपुराकडं जमिनीत पेवं असतात. तोंड अरुंद, आत कोठीएवढी पोकळी. माल बघायला मला पेवात उतरावं लागे. एकदा वर येताना दोरी धरली आणि पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा बाबू तोलार, म्हणजे आमच्या दुकानात काटा धरणारा, माझ्या तोंडावर पाणी मारत होता.

"अण्णा, पेवाची हवा लागली तुमास्नी," तो म्हणाला.

पेवात कोंडलेली हवा वाईट असतेच. म्हणून आधी कंदील सोडून बघतात. त्या दिवशीही सोडला होता आणि तो नीट जळत होता. म्हणजे हवा चांगली होती, मीच विझलो होतो. पण मी म्हणालो, "व्हय, हवाच." मला कमी बोलायची खोड आहे. लोक त्याला सभ्यपणा समजतात.

चुन्याचं पाणी

आईनं घरी ठरवलं की ही कावीळ. मी पिवळा होतो, म्हणून कावीळ. मी तिच्या देखत वीस वर्षं पिवळा आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आईच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळं घरात मटण शिजत नाही. खायचं तर परसात तीन दगडांवर वेगळ्या पातेल्यात, आणि तेही पुरुषांनी. वर्षातून चार-सहा वेळा ते व्हायचं. काविळीच्या नावानं तेही बंद झालं. तेल बंद, पालेभाजी बंद, डाळ बंद. ताक, ज्वारीच्या लाह्या आणि उसाचे करवे, एवढ्यावर मी दोन महिने काढले. ज्याच्या अंगात आधीच काही नव्हतं त्याच्या तोंडातलंही काढून घेतलं.

मग कावीळ उतरवणारा एक गृहस्थ बोलावला. त्याची रीत अशी, की रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुवायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे कावीळ उतरली. हौसानं, माझ्या बायकोनं, परातीत निवळी ओतली. त्यानं माझे हात धरून आत बुडवले आणि चोळायला लागला.

पाणी लालभडक झालं.

हळदीला चुना लागला की लाल होते. त्यानंच कुंकू बनतं. माझ्या नखांत वीस वर्षांची पेठ होती. पण तो गृहस्थ लांबच्या गावचा, त्यानं हे कधी बघितलं नव्हतं. त्यानं माझे हात असे सोडले की परात कलंडली.

"आवं, ही कावीळ न्हवं," तो मागं सरकत म्हणाला. "हे रगात हाय. कावीळ रगतात गेलीया."

आई रडायला लागली. मला सगळं कळत होतं, मी हळदीचा माणूस. एक वाक्य बोललो असतो तर सगळे हसले असते. बोललो नाही. लोक जमले होते, आणि इतक्या लोकांसमोर बोलायचं माझ्या जिवावर आलं. हौसानं मात्र परातीकडं बघून पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. नंतर म्हणाली, "हासू आवरंना मला. पर आत्याबाई हुत्या न्हवं." आत्याबाई म्हणजे माझी आई.

या घोळाचा एक फायदा झाला. त्या गृहस्थानं हात टेकले आणि मला मिरजेला न्यायचं ठरलं.

साबण

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला नाडी बघण्याआधी विचारलं, "धंदा काय?"

"हळद."

"मग आधी धुऊ या," ते म्हणाले आणि नर्सला साबण आणायला सांगितला.

चाळिशी उलटलेल्या माणसाचं तोंड भर दिवसा दुसऱ्यानं धुणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. साबण लागला तसा फेस तांबडा झाला. नर्स दचकली. डॉक्टर दचकले नाहीत, त्यांनी सांगलीचे बरेच लोक धुतले असावेत. टॉवेलानं पुसून त्यांनी भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला.

आरशात वडील होते. वारले त्या दिवशी दिसत होते तसे.

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून आत बघितलं. "इथं डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसायला हवं," ते म्हणाले. "तुमचं खोबऱ्यासारखं आहे."

मग तपासण्या झाल्या. त्यातली एक सांगायला मला सहा वर्षं लाज वाटली, पण आता सांगायचंच ठरवलं आहे तर सांगतो. माझ्या पोटात जंत निघाले. आकड्यासारखे. ओल्या मातीत अनवाणी चाललं की तळपायातून शिरतात, आतड्याला आकडा लावून बसतात आणि रक्त पितात. मी वर्षभर तळपायात काटा शोधत होतो. जागा बरोबर होती.

"आठवडाभर राहा," डॉक्टर म्हणाले. "आधी हे भाडेकरू काढू, मग घर बांधू."

हवालदार

दवाखान्यात पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग बादलीचा आवाज, मग डॉक्टर. जवळच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची घरं. दिवसभर कुणीतरी एकच तार जुळवत असायचं. तार जुळत आली असं वाटायचं आणि तो पुन्हा ढिली करायचा. जंतांचं औषध म्हणून उपाशीपोटी एक उग्र तेल देत. ते पोटात गेल्यावर त्या तारेवर मन ठेवून मी पडून राहायचो. भीती वाटायची. वडील याच वयात गेले होते. पण बाजूच्या खाटेवर साताऱ्याकडचे एक पेन्शनर हवालदार होते, आणि ते माणसाला भिऊ देत नसत.

"गड्या, तुझ्या पोटात पलटण हाय म्हनं," ते म्हणाले.

"असं म्हणतात."

"आपल्या मुलखातली पोरं लढाईवर आन् तू घरात बसून पलटण पोसतुयास. पेन्शन माग."

हौसा एक दिवसाआड सांगलीहून डबा घेऊन यायची. खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, बसायची नाही. मी जेवेपर्यंत खाटेची लोखंडी दांडी धरून उभी. तिचं माहेर साताऱ्याजवळचं, म्हणून हवालदार तिला लेक म्हणत. ती गेली की ते काहीतरी चेष्टा करायचे. एक दिवस केली नाही.

"तुझी कारभारीण दांडी का धरून हुबी ऱ्हाती रं?"

"सवय आहे."

"सवय न्हवं ती. आमची सून अशीच भिताडाला धरून चालायची. गेली ती बाळंतपणात. पांढरी पडलीया गड्या ती. साताऱ्याच्या पोरी अशा पांढऱ्या नसत्यात."

"हळद लावते ती तोंडाला," मी म्हणालो.

आमच्याकडं सवाष्णी आंघोळीच्या वेळी चेहऱ्याला हळद लावतात. तेव्हा मी म्हणालो ते खोटं नव्हतं. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, कूस बदलली, आणि पलीकडं तार लावणाऱ्याला शिवी दिली.

म्हशीची कढई

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "कलेजी खा. रोज."

मी आईची माळ, परसातले तीन दगड, सगळं सांगितलं. एकूण तिथं मी बराच बोललो.

"जमेल तेव्हा खा," ते म्हणाले. "बाकी लोखंड पाल्यातून, कडधान्यातून, गुळातून काढायचं. जेवणात लिंबू पिळा. जेवणावर चहा नको. लोखंड आणि चहा एकत्र आले की शाई होते. आणि घरात लोखंडाची कढई असेल तर भाजी तिच्यात करा."

कढई होती. आमच्या सासरेबुवांनी लग्नात दिलेली, साताऱ्याच्या बाजारातली, जाड बुडाची. पण तिच्यात भाजी काळी पडते आणि चारचौघांत वाढताना लाज वाटते, म्हणून आईनं ती काढून कल्हईची पितळी पातेली आणली होती. कढई गोठ्यात होती. तिच्यात म्हशीचं आंबोण भिजायचं. म्हणजे वीस वर्षं आमच्या घरात लोखंड मिळत होतं ते म्हशीला. आणि म्हैस, खरोखरच, घरातल्या सगळ्यांत तजेलदार होती.

हौसानं कढई राखेनं आणि विटेच्या तुकड्यानं घासून आत आणली. म्हशीनं दोन दिवस आंबोणाला तोंड लावलं नाही. आई म्हणाली, "मुक्या जनावराच्या तोंडचं काढून घेतलंसा." माझ्यासाठी ती इतकी कधी हळहळली नव्हती.

मग सुरू झालं. सकाळी हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, त्यात गूळ किंवा लसूण-मीठ. दुपारी बाजरीची भाकरी, काळीकुट्ट मेथी नाहीतर माठ, कारळ्याची चटणी, मोडाची मटकी, अर्धं लिंबू. चार वाजता काकवीत कालवलेले भाजके तीळ. आणि रोज दोन हाळिवाचे लाडू. आठवड्यातून एखादा दिवस परसात तीन दगड मांडून मी स्वतः कलेजी शिजवायचो. आई तेवढा वेळ देवळात जाऊन बसायची आणि परतल्यावर नाक धरून विचारायची, "झालं का तुजं डाक्टरी?"

बाटलीतलं औषध लोखंडाचं होतं. त्यानं दात काळे होतात, म्हणून ते नळीनं प्यायचं. नळी कुठली आणायची. हौसानं पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून दिला. मी ओसरीवर बसून पपईच्या देठानं औषध ओढायचो आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

या औषधानं सकाळी परसाकडं गेल्यावर सगळं डांबरासारखं काळं दिसतं. डॉक्टरांनी ते सांगितलं होतं म्हणे. ते सांगत होते तेव्हा शेजारी नर्स उभी होती, म्हणून मी शरमेनं लक्षच दिलं नव्हतं. चार दिवस मी मरणाची तयारी केली. दुकानाच्या किल्ल्या कुणाकडं द्यायच्या तेही ठरवलं. पाचव्या दिवशी हौसाला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, डाक्टर म्हनलं हुतं न्हवं. मी दाराभाईर हुती, मला आईकू आलं. तुमास्नी न्हाई आलं?"

ज्यांना हे औषध घ्यायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. काळं होतं. मरत नाही.

बाबू लाल झाला

हाळिवाचे लाडू मला गिळवत नसत. हाळीव भिजला की बुळबुळीत होतो, आणि गूळ-खोबरं घालूनही तो आत कुठंतरी बुळबुळतच असतो. मी दोन्ही लाडू कागदात बांधून दुकानात न्यायचो आणि बाबू तोलाराला द्यायचो. हौसा विचारायची, "खाल्लं?" मी मान हलवायचो. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे असा माझा हिशेब होता.

दोन महिन्यांत बाबूचे गाल टमाट्यासारखे झाले. तो आधी एक पोतं उचलायचा, आता दोन उचलायला लागला. शेठ त्याला म्हणाले, "बाबू, सासुरवाडीला जाऊन आलास काय रं?" मी मान खाली घालून कांडी मोडत बसलो.

तरी मीही सुधारत होतो. माडगं आणि काळी मेथी माझ्यावर लाडवांशिवायही काम करत होती. पायऱ्या चाळिसावरून वीस झाल्या, मग दहा. एका सकाळी मी न थांबता चढलो आणि वर जाऊन उगाच परत खाली उतरलो, पुन्हा चढायला.

आता ती गोष्ट.

त्याच आठवड्यात मी ओसरीवर पपईचा देठ तोंडात धरून बसलो होतो. हौसा नळावरून घागर घेऊन आली. दुसऱ्या पायरीवर थांबली. घागर कमरेवरून खाली ठेवली, भिंतीला हात लावला आणि तळपाय वर करून बघायला लागली.

तो काटा माझ्या ओळखीचा होता.

मी औषध ओढत राहिलो. ती वर आली. मी विचारलं, "काटा?" ती म्हणाली, "व्हय, बारीक हाय." आणि आत जाऊन माझ्यासाठी कढई चुलीवर ठेवली. तिच्यातलं ती खायची नाही. ते औषधाचं जेवण, माणसाला पुरलं पाहिजे, असं आईचं आणि तिचं मत. आम्ही सगळे जेवल्यावर ती बसायची, आणि तिच्या पानात काय असतं हे बघायला मी तिथं कधी थांबलो नव्हतो.

चार शब्द

चार दिवसांनी मिरजेला दाखवायला गेलो. हौसा डबा घेऊन बरोबर आली होती. डॉक्टरांनी माझी पापणी ओढली, खूष झाले. "डाळिंब नाही, पण गुलाबी पेरू झालात," म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. हौसा दाराची चौकट धरून उभी होती.

"या तुमच्या घरच्या का? बाई, जरा इकडे उजेडात या बघू."

"ती हळद लावली आहे," मी म्हणालो.

डॉक्टर माझ्याकडं वळले.

"मंगळवार आहे आज," मी आणखी पुढं म्हणालो. आयुष्यात कधी नव्हे तो बोलका झालो. "आमच्यात लावतात. तिला काही झालेलं नाही."

डॉक्टर हसले. "हळदीचे पारखी तुम्ही. तुमच्यापुढं मी काय बोलणार." आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. काटा मी बघितला होता. हवालदारांचं ऐकलं होतं. मला सगळं कळलं होतं. पण ती आजारी ठरली तर उद्या माडगं कोण करणार, असं मनात आलं. एवढंच. दुसरं काही मोठं कारण असतं तर मी ते लिहिलं असतं. कित्येक महिन्यांनी मला बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणं मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "डाक्टर का बोलवत हुतं?" मी म्हणालो, "सहज."

तीन आठवड्यांनी ती दुसऱ्या पायरीवर पडली. घागर रस्त्यापर्यंत गडगडत गेली. मी आतून धावत आलो, चारही पायऱ्या एका दमात उतरून. माझ्या पायांत ते बळ कुठून आलं होतं ते मला तेव्हाच कळलं.

बाबूनं टांगा आणला. तिला उचलून टांग्यात ठेवताना तो म्हणाला, "अण्णा, वैनीचं वजनच न्हाई की वं." काटा धरणाऱ्या माणसाचं बोलणं ते. मी त्याच्या लाल गालांकडं बघितलं नाही.

मिरजेला डॉक्टरांनी तिला बाकावर निजवलं. माझ्याकडं एकदा बघितलं. मी कोण, काय म्हणालो होतो, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी नर्सच्या हातातला साबण घेतला आणि माझ्या हातात दिला.

मी तिचं तोंड धुतलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, भर उजेडात, लोकांसमोर मी तिच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. फेस तांबडा झाला. पहिल्या पाण्यात तांबडा, दुसऱ्या पाण्यात तांबडा. जो काही लाल रंग होता तो फेसात होता. खाली काही नव्हतं. कांडी मोडून आतला रंग सांगणारा माणूस मी.

हौसानं डोळे उघडले आणि हळू म्हणाली, "आवं, जोरात चोळू नगा. लोक बगत्यात."

सातारा

रात्री-अपरात्री नाही, चांगल्या भर दुपारी डॉक्टरांनी मला सांगितलं की दोन दिवस काही सांगता येणार नाही. ते दोन दिवस मी त्याच तारेवर मन ठेवून काढले. तिसऱ्या दिवशी तिनं माडगं मागितलं. आईनं स्वतः करून पाठवलं. बाबू डबा घेऊन आला. हौसानं एक घोट घेतला आणि म्हणाली, "आत्याबाईनी लसूण घातलाच न्हाई." तेव्हा मला कळलं की ती जाता जाता राहिली.

तिचेही भाडेकरू काढले. मग विश्रांतीला तिला साताऱ्याला माहेरी पाठवलं. तिथं न्यायला गेलो तेव्हा सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "पावणं, तुमी हळदीतलं शाणं म्हनं."

"थोडंफार कळतं."

"मग आमची पोरगी दिली तवा कसल्या रंगाची हुती, ध्येनात हाय?"

मी गप्प बसलो. ही एकच वेळ अशी की गप्प बसणं योग्य होतं. तेवढ्यात हौसा आतून आली. तिच्या गालावर हळद नव्हती. गाल तांबूस होते. एका हातात भाकरी, तिच्यावर कारळ्याची चटणी, आणि ती चालता चालता खात होती. आमच्या घरी तिला असं खाताना मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरी तिला खाताना बघितलंच नव्हतं.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, आम्हा तिघांना चपला आणल्या, आणि शेतात, परसात, गोठ्यात अनवाणी जायचं बंद केलं. आईला चप्पल घालून गोठ्यात जाणं म्हणजे म्हशीचा अपमान वाटतो, पण जाते. दोन, कढईतलं जेवण सगळ्यांनी एका वेळी जेवायचं असं जाहीर केलं. आई म्हणाली, "बायका म्होरं जेवायला लागल्या तर वाढायचं कुणी?" मी म्हणालो, "ठेवू मधे. घेऊ ज्याचं त्यानं." आठ दिवस ती आमच्याकडं पाठ करून जेवली. मग पाठ दुखायला लागली तेव्हा वळली.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हौसा आणि मी ओसरीवर उजेडात बसून एकमेकांची पापणी ओढून बघतो. शेजारची म्हातारी म्हणते, "ह्या वयात काय चाळं मांडल्यात." डॉक्टरांचा एवढा एक उपाय फुकट आहे. तो करावा. हळद लावण्याआधी करावा.

हौसाला वाचता येत नाही. हे लिहून झाल्यावर मी काल तिला वाचून दाखवलं. बाबूचे लाडू, दुसऱ्या पायरीवरचा काटा, आणि दवाखान्यातले ते चार शब्द, काही न गाळता. ती तांदूळ निवडत होती. सूप थांबलं नाही.

वाचून झालं. मग ती म्हणाली, "माडग्याला लसूण भाजून ठेचायचा असतुया. तुमी नुसतं 'लसूण' लिवलंया. लोक कच्चा घालतील."

"लिहितो," मी म्हणालो.

ती उठली, आत गेली. कढई उतरवल्याचा आवाज आला. सहा वर्षं आम्ही एका वेळी जेवतो, पण पहिलं पान अजून माझंच वाढलं जायचं. मी पाटावर जाऊन बसलो. हौसानं एक ताट घेतलं, त्यात काळी मेथी घेतली, भाकरी घेतली, लिंबाची मोठी फोड घेतली आणि समोर बसून पहिला घास तोंडात घातला. तो खाली उतरेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

"बगताय काय," ती म्हणाली. "तुमचं तुमी घ्या वाढून."

मी उठलो आणि घेतलं.